नातवाचे नाळरक्त आणि ७४ किलोंचा हिशेब

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या साडूंना गेल्या मे महिन्यात तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले, आणि केमोथेरपीने रोग आटोक्यात आल्यावर डॉक्टरांनी रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींच्या प्रत्यारोपणाचा विषय काढला, तेव्हा घरातल्या सर्वांना एकदम आठवले ते नातवाच्या जन्मावेळी एका खासगी पेढीत गोठवून ठेवलेले नाळेतील रक्त. मी तीस वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो, म्हणून पेढीचा अहवाल माझ्यापुढे ठेवून मेहुणीने विचारले, "भाऊजी, हे आपल्या कामाचे आहे ना?"

अहवालात रक्तगट ठळक अक्षरांत छापलेला होता. वास्तविक नाळरक्ताची पिशवी निवडताना त्याला फारसे महत्त्व नसते. आधी पाहायची ती केंद्रकयुक्त पेशींची एकूण संख्या, आणि तीही रुग्णाच्या वजनाने भागून. या पिशवीत ६० कोटी पेशी होत्या आणि साडूंचे वजन ७४ किलो, म्हणजे किलोमागे जेमतेम ८१ लाख. एकाच पिशवीवर प्रत्यारोपण करायचे असेल तर गोठवण्यापूर्वीच्या मोजणीनुसार किलोमागे साधारण अडीच कोटी पेशी लागतात. साडूंसाठी हा आकडा १८५ कोटींवर जातो. दोन पिशव्या एकत्र दिल्या तरी प्रत्येकीत किलोमागे दीड कोटी असाव्यात अशी अपेक्षा असते, आणि गंमत अशी की काही आठवड्यांनी त्यांपैकी बहुधा एकच पिशवी शरीरात टिकते. सीडी३४ ही खूण असलेल्या मूळपेशींची मोजणी याहून नेमकी मानली जाते. एका पिशवीसाठी ती किलोमागे दीड लाखाच्या आसपास हवी. १९८८ साली पॅरिसमध्ये एल्यान ग्लुकमन यांनी नाळरक्ताचे पहिले प्रत्यारोपण केले ते पाच वर्षांच्या मुलावर. तेवढ्या वजनाला एक पिशवी पुरते. प्रौढाला पेशी कमी पडल्या तर नवी अस्थिमज्जा रुजायला तीन-चार आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि पांढऱ्या पेशींविना काढलेल्या त्या दिवसांत जंतुसंसर्गच जिवावर उठतो.

एचएलए म्हणजे आपले-परके ओळखण्यासाठी पेशींवर असलेल्या आनुवंशिक खुणा; त्यांची जुळणी त्यानंतर येते. नाळरक्तातील टी-पेशी, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, अननुभवी असल्यामुळे थोडा विसंवाद खपून जातो, हाच या रक्ताचा मोठा गुण आहे. बारकाईने तपासलेल्या आठ जनुकरूपांपैकी निदान चार जुळली तरी पिशवीचा विचार होऊ शकतो. परंतु नातू म्हणजे मुलगा नव्हे. आपल्या एचएलएचा निम्मा संच साडूंनी मुलीला दिला हे खरे. तिने पुढे तोच संच नातवाला दिला की तिच्या आईकडून आलेला, हे नाणे उडवण्यासारखे आहे. याशिवाय जुळत नसलेल्या एचएलएविरुद्ध साडूंच्या रक्तात आधीच प्रतिपिंडे आहेत का, हेही तपासावे लागते, कारण ती असतील तर भरपूर पेशींची पिशवीही रुजत नाही.

अहवालात आणखी एक उणीव मला खटकली. पिशवीलाच जोडलेल्या नळीचा छोटा तुकडा सोबत गोठवलेला असेल, तर त्यावरून ही पिशवी नक्की याच बाळाची आहे का आणि वितळवल्यावर किती पेशी जिवंत राहतील, हे आधी पडताळता येते. त्याचा उल्लेख कुठेच नव्हता. पिशव्या ज्यात ठेवतात त्या उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्राचे रंगीत चित्र मात्र पानभर होते.

मेहुणीला मी हा सारा हिशेब कागदावर मांडून दाखवला. तिने दोनदा भागाकार करून पाहिला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे मुले आहेत, तीच." तिचे म्हणणे रास्त होते. मुलगा आणि मुलगी दोघेही वडिलांशी निम्मे जुळणारच, आणि प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देण्याच्या पद्धतीमुळे असे अर्धे जुळणारे दाते आता सर्रास वापरले जातात. दोघांचे नमुने सोमवारी दिले. पेढीच्या वार्षिक शुल्काची पावती जावयाने अजून फाडून टाकलेली नाही.