आमची वाटचाल : स्टिअरिक ॲसिडच्या पापडीसोबत

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात वडिलांनी स्टिअरिक ॲसिडची, म्हणजे तेल-चरबीपासून मिळणाऱ्या मेणासारख्या पांढऱ्या आम्लाच्या पापडीची, विक्री सुरू केली, तेव्हा आमचे बहुतेक ग्राहक वाहनांचे रबरी सुटे भाग बनवणारे पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील छोटे कारखानदार होते. शंभर किलो रबराला हे आम्ल जेमतेम एक-दोन किलो लागते. परंतु झिंक ऑक्साइडशी संयोग पावून ते रबरात विरघळणारे झिंक स्टिअरेट तयार करते आणि त्यामुळेच गंधकाने रबर पक्के होण्याची क्रिया नीट घडते. प्रमाण जास्त झाले, तर वस्तूवर पांढरट थर उमटतो.

पुढे व्हॅनिशिंग क्रीम बनवणाऱ्या एका उद्योजिकेला आम्ही रबरासाठीचाच माल दिला. पापडी दिसायला तशीच पांढरी होती, म्हणून वेगळा विचार केला नाही, आणि ही चूक सर्वस्वी आमची होती. काही महिन्यांत क्रीम पिवळसर पडून त्याला खवट वास येऊ लागला. नुकसान आम्ही भरून दिले, पण कारण समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. स्टिअरिक ॲसिड संपृक्त आहे. त्याच्या १८ कार्बनच्या साखळीत एकही दुहेरी बंध नसल्याने हवेतील ऑक्सिजनचा त्यावर सहजी परिणाम होत नाही. आमच्या मालात मात्र ओलेइक ॲसिडचा, म्हणजे साखळीत एक दुहेरी बंध असलेल्या आम्लाचा, अंश राहिला होता आणि तोच खवटला होता. हा अंश आयोडीन मूल्यावरून, म्हणजे माल किती आयोडीन शोषतो त्या आकड्यावरून, कळतो. ते जितके कमी, तितका माल अधिक संपृक्त. तेव्हापासून क्रीमसाठीची प्रत्येक खेप तपासूनच पाठवतो आणि आकडा पोत्यावर लिहितो.

शुद्ध स्टिअरिक ॲसिड ६९ अंश सेल्सिअसला वितळते. बाजारातील मालात पामिटिक ॲसिड हे दुसरे संपृक्त आम्लही बरेच असल्याने तो ५५ अंशांच्या आसपासच वितळू लागतो, आणि यात भेसळ नाही, हे नव्या ग्राहकांना आवर्जून सांगावे लागते. माल पाम तेलापासूनचा की प्राण्यांच्या चरबीपासूनचा, हे मात्र त्यांनी विचारण्याआधीच आम्ही लेखी देतो.

अलीकडे दिवाळीआधी बचत गटांतील महिला मेणबत्त्यांसाठी येतात. पॅराफिन मेणात दहा टक्के स्टिअरिक ॲसिड मिसळले, की मेणबत्ती कडक व दुधाळ होते आणि निवताना आकसल्यामुळे धातूच्या साच्यातून सहज सुटते. मेण तांब्या-पितळेच्या भांड्यात वितळवू नये, कारण आम्लामुळे मेण हिरवट होते, एवढी सूचना देऊन आम्ही त्यांना एक किलोची पाकिटेही करून देतो.