खवट

परवा पिठलं-भातासोबत जवसाची चटणी घेतली आणि पहिल्याच घासाला तोंड वाकडं झालं. आईने महिन्याभरापूर्वी दिलेली, मी ती गॅसशेजारी, खिडकीच्या उन्हात, झाकण अर्धवट लावून ठेवलेली, म्हणजे जेवढं म्हणून चुकायचं तेवढं सगळं चुकून झालं होतं. फोनवर सांगितलं तर म्हणे, "खवटली असणार, कुटलेला जवस टिकत नाही, फ्रीजमध्ये ठेव म्हटलं होतं ना?" म्हटलं होतं खरं.

आता खवटणं म्हणजे नेमकं काय, तर जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ नावाची चरबी, आणि त्याच्या रेणूत तीन-तीन दुहेरी बंध. त्या बंधांच्या मधला हायड्रोजन अगदी ढिला असतो, तो कुणी पळवला की तिथे ऑक्सिजन येऊन बसतो, मग तो बिघडलेला रेणू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा... एका नासक्या आंब्याने अख्खी अढी नासते ना, अगदी तसंच. खोबरेलात हे दुहेरी बंध फारसे नसतातच म्हणून ते निवांत पडून राहतं. (सुकं खोबरं खवटतं त्यात बऱ्याचदा ओल आणि बुरशीचा हात असतो, ते वेगळं प्रकरण.)

गंमत म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण असल्याच नाजूक चरबीचं असतं, कारण ते लवचिक राहायला हवं. मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात तर सहा दुहेरी बंधवाली चरबी! आणि हे सगळं ३७ डिग्रीला, रात्रंदिवस ऑक्सिजनच्या शेजारी. माझी चटणी महिनाभर टिकली नाही आणि आजीचे डोळे ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवतात, हे कसं काय बुवा?

तर त्या आवरणात मधेमधे व्हिटॅमिन ई बसलेलं असतं, हजारेक रेणूंमागे एखादं, बस. लग्नघरात रुसवेफुगवे पेटले की एखादी आत्या "बरं बाई, माझंच चुकलं" म्हणून विषय संपवते ना, तसं ते स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतं आणि साखळी तिथेच तुटते. स्वतः बिघडतं, पण पुढे कुणाला छळत नाही. मग आवरणाबाहेरच्या पाण्यातलं व्हिटॅमिन सी येऊन त्याला परत उभं करतं, म्हणजे आत्याला कुणीतरी चहा नेऊन द्यावा तसं. १९२२ मध्ये इव्हान्स आणि बिशप या संशोधकांना हे व्हिटॅमिन सापडलं ते मात्र भलत्याच कामात, उंदरिणींना पिल्लं का होत नाहीत ते शोधताना! लेट्यूसची पानं खायला घातली की व्हायची. म्हणून टोकोफेरॉल, ग्रीकमध्ये बाळंतपणाशी नातं सांगणारं नाव.

हे वाचून लगेच गोळ्यांच्या बाटल्या घ्यायला मी काही धावले नाही. फिनलंडमध्ये २९ हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, १९९४ मध्ये निकाल आला, बीटा कॅरोटीनची (गाजरातला केशरी रंग, व्हिटॅमिन ईसारखाच खवटण्यापासून वाचवणारा म्हणून गणला जाणारा) गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्के जास्तच निघाला. आत्या एक असली तर भांडण मिटतं, दहा आणून बसवल्या तर काय होईल सांगता येत नाही. त्यापेक्षा मूठभर शेंगदाणे आणि वरणावर लिंबू बरं.

चटणी फेकली. आई नवी द्यायला तयार आहे, पण आधी जुनी बरणी परत आण म्हणतेय, आणि मी ती खवट वास जाईना म्हणून तीनदा घासून उन्हात पालथी घातलीय.