हाडाला दिशा देणारी वीज

मणके सांधण्याची शस्त्रक्रिया करून कोथरूडमधील आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या अनेक रुग्णांची समजूत अशी असते की, स्क्रू आणि रॉड बसले म्हणजे मणके जोडले गेले. वस्तुतः धातूचा तो सांगाडा केवळ तात्पुरता आधार असतो. ग्राफ्ट म्हणून ठेवलेल्या हाडाच्या बारीक तुकड्यांमधून नवे हाड तयार होऊन दोन्ही मणके एकजीव होतात, तेव्हाच शस्त्रक्रियेचा हेतू साध्य होतो, आणि त्याला कित्येक महिने, कधी कधी वर्षही लागते. ते हाड आलेच नाही, तर कमरेच्या रोजच्या हालचालींचा भार सोसून सोसून स्क्रू सैल होतात किंवा रॉड तुटतो. मधुमेह, ठिसूळ हाडे, स्टिरॉइडचा दीर्घकाळ वापर आणि तंबाखू यांमुळे हा धोका वाढतो. (मिश्री लावणाऱ्या स्त्रिया आपण तंबाखूला शिवत नाही असे मनापासून सांगतात, पण मिश्री ही भाजलेली तंबाखूच असते आणि तिच्यातील निकोटीनही रक्तात उतरते, हे मी प्रत्येकीला आवर्जून समजावते.)

अशा जोखमीच्या रुग्णांसाठी मणक्यांजवळ अतिशय सूक्ष्म विद्युत प्रवाह सोडण्याचा उपाय अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे, परंतु आपल्याकडे त्याविषयी फारसे बोलले जात नाही. त्याचा उल्लेख केला की समोरचा माणूस शॉकच्या कल्पनेने दचकतो. म्हणून आधी हे सांगायला हवे की हाडाला वीज परकी नाही.

हाडाला आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे आकार घेण्याची सवय असते, हे जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते. मात्र भार कोठे पडतो आहे हे हाडाला कळते कसे, याचे उत्तर त्या काळी नव्हते. १९५७ मध्ये एइइची फुकादा आणि इवाओ यासुदा या जपानी संशोधकांनी कोरडे हाड दाबले असता त्यावर विद्युतभार निर्माण होतो, असे दाखवून दिले. स्वयंपाकघरातील लायटरचा खटका दाबताच ठिणगी पडते, तिच्यामागे हाच पीझोइलेक्ट्रिक गुणधर्म असतो. हाडात तो कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंमुळे येतो. जिवंत, ओल्या हाडात याखेरीज सूक्ष्म नलिकांमधून सरकणारा क्षारयुक्त द्रवही विद्युत विभव निर्माण करतो. हाड वाकले की दाबाखालची बाजू ऋणभारित होते, आणि हाडाची भर पडते ती त्याच बाजूला.

शरीरात बसवण्याचे उपकरण या निसर्गनियमाचाच आधार घेते. ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद अ‍ॅलन ड्वायर यांनी मणके सांधताना असा प्रवाह वापरल्याचे १९७४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८७ मध्ये या प्रकारच्या उपकरणाला मणक्यांसाठी मान्यता दिली. बॅटरीची छोटी डबी पाठीच्या त्वचेखाली ठेवतात आणि तिच्यापासून निघणाऱ्या टायटॅनियमच्या तारा, म्हणजे ऋणाग्रे (बॅटरीच्या ऋण बाजूला जोडलेली टोके), ग्राफ्टमध्ये नेमक्या त्या जागी पसरतात जिथे हाड यायला हवे. हा प्रवाह साधारण ४० मायक्रोअँपिअर इतका असतो. बोटाला जेमतेम जाणवणारा प्रवाह सुमारे १ मिलिअँपिअरचा धरला, तर हा त्याच्या पंचविसाव्या भागाएवढाच होतो, त्यामुळे शॉक बसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ऋणाग्रापाशी ऑक्सिजन खर्ची पडतो, हायड्रॉक्सिल आयन तयार होतात, भोवतालचा सामू (पीएच) वाढतो, आणि हे वातावरण हाड घडवणाऱ्या पेशींना मानवते. हाडाच्या वाढीला चालना देणारी प्रथिनेही तेथे अधिक प्रमाणात तयार होतात. माझ्या दृष्टीने यातले सर्वांत मोलाचे तत्त्व म्हणजे जागेची निवड: औषध सर्व शरीरभर पसरते, तर येथे तार जिथे ठेवली तिच्या आसपासच परिणाम होतो.

तरीही या उपायाला रामबाण म्हणणे रुग्णाची दिशाभूल ठरेल. विविध प्रकारच्या विद्युत उपकरणांच्या १५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक्स-रेवर हाड न जुळण्याची जोखीम सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेली आणि वेदनाही काहीशी घटलेली दिसली, पण रुग्णांच्या रोजच्या कार्यक्षमतेत फरक आढळला नाही. डेन्मार्कमध्ये साठीपुढील रुग्णांचे मणके स्क्रू-रॉडविना सांधून केलेल्या चाचणीत तर प्रवाहामुळे हाड जुळण्याचे प्रमाणही वाढले नाही. यावरून माझे मत असे झाले आहे की मणके आधी पक्के स्थिर असावेत आणि प्रवाहाची जोड त्यानंतर, तीही जोखमीच्या रुग्णालाच द्यावी. शिवाय बॅटरी संपल्यावर डबी काढण्यासाठी पुन्हा एक छोटी शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

बॅटरीची ही अडचण दूर करण्यासाठी चाललेले काम मला विशेष आशादायक वाटते. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या अभियंत्यांनी दोन मणक्यांच्या मध्ये आधार म्हणून बसवला जाणारा ठोकळा, म्हणजे केज, हाच पीझोइलेक्ट्रिक पदार्थाचा केला आणि मेंढ्यांवर त्याची चाचणी घेतली. रुग्णाने पाऊल टाकले की केजवर दाब पडावा आणि त्यातूनच प्रवाह मिळावा, अशी ही योजना आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात विकसित होत असलेला केज याहून एक पाऊल पुढे जातो: नवे हाड जसजसा भार उचलू लागते, तसतसा केजवरचा दाब घटतो आणि त्याचा विद्युत संकेत क्षीण होत जातो, म्हणजे हाड किती जुळले याची वार्ता केजच देऊ शकतो. वरचेवर सीटी स्कॅन करावा लागणाऱ्या रुग्णाला याचा किती दिलासा वाटेल, हे मी जवळून जाणते.

हे केज नेहमीच्या वापरात येईपर्यंत हाडाला मिळणारा नैसर्गिक संकेत रुग्णाच्या पावलांतूनच यायचा आहे. भीतीपोटी महिनोन्‌महिने पलंगावर पडून राहणाऱ्यांना म्हणूनच मी शल्यचिकित्सकांच्या परवानगीने लवकरात लवकर उभे करते. प्रथम घरातल्या घरात, मग सोसायटीच्या आवारात, पुढे कमला नेहरू पार्कसारख्या सपाट जागी, रोज थोडे थोडे वाढवत. वेताळ टेकडीची चढण आणि खड्ड्यांतून जाणारी दुचाकी मात्र स्कॅनमध्ये हाड सलग दिसेपर्यंत बंद असते. पुढे वाकणे, पिळणे आणि जड उचलणे यांनाही तोवर मनाई असते, कारण त्या हालचालींनी जुळू पाहणारे हाड मुळातून हलते.