खाली ताप, वर गारठा

नवतपा सुरू होता आणि नागपुरात पारा ४४ अंशांवर गेला होता. संध्याकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी आम्ही फुगा थोडा आधीच सोडतो. जगभरातील वेधशाळा याच ठरलेल्या वेळेला वरच्या हवेचे मोजमाप घेतात. त्या दिवशी एका महाविद्यालयाचे विद्यार्थी आमचे हवामान केंद्र पाहायला आले होते. हायड्रोजन भरलेला फुगा, खाली पॅराशूट आणि लांब दोरीच्या टोकाला बांधलेले रेडिओसोंड, म्हणजे हवेची मोजमापे रेडिओने खाली पाठवणारे छोटे यंत्र, वर झेपावले, तसे आम्ही सगळे संगणकासमोर येऊन बसलो.

काटोलकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पृथ्वीचं तापमान वाढतंय हे मान्य, पण सूर्यच जास्त तापत असेल तर?" तिच्या घरची संत्र्याची बाग उन्हाने होरपळली होती, तेव्हा तिला कारण खरोखर जाणून घ्यायचे होते. मी तिला पडद्यावरच्या तापमानाच्या रेषेकडे लक्ष ठेवायला सांगितले.

फुगा मिनिटाला साधारण ३०० मीटर चढतो. पाव तास उलटला आणि रेषा शून्य अंशाखाली उतरली. पुढे साडेसोळा किलोमीटरच्या आसपास ती उणे ७५ च्याही खाली गेली. मुले अवाक् झाली. आणि मग रेषा वळली, तापमान वाढू लागले. येथे तपांबर, म्हणजे जमिनीलगतचा हवेचा थर, संपते व त्याच्या वरचा थर, स्थितांबर, सुरू होते. तेथील ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषून हवा तापवतो.

तिच्या प्रश्नाचे उत्तर या वळणाच्या दोन बाजूंना आहे. सूर्य अधिक तापला असता, तर खालच्या हवेबरोबर स्थितांबरही तापले असते. कार्बन डायऑक्साइड वाढला की तसे होत नाही. जमिनीकडून येणारी उष्णता हा वायू शोषतो, त्यामुळे ती अवकाशात निसटण्याची पातळी आणखी वर, अधिक थंड हवेत सरकते. थंड हवा कमी उष्णता बाहेर टाकते, आणि हा तोल सावरेपर्यंत खालचा थर तापत राहतो. स्थितांबरात मात्र हाच वायू ओझोनने मिळवलेली उष्णता अवकाशात सोडून देतो. तो जितका जास्त, तितका वरचा थर गार. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी हे गणित १९६७ मध्येच मांडले होते. मानाबे यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले, याचा आमच्या क्षेत्रातील प्रत्येकाला आनंद झाला.

"म्हणजे आजच्या या रेषेत ते दिसतं?" तिने विचारले. नाही, आजची रेषा आजच्या हवेपुरतीच बोलते. गेल्या शतकाच्या मध्यापासूनच्या फुग्यांच्या नोंदी आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनची उपग्रहांची मोजमापे एकत्र पाहिली, तर तपांबर तापलेले आणि स्थितांबर गार झालेले दिसते. स्थितांबराच्या खालच्या भागातील गारठ्याला ओझोनची घटही कारणीभूत आहे, हे मी तिला आवर्जून सांगितले. म्हणून अधिक निःसंदिग्ध पुरावा ४० ते ५० किलोमीटरवर शोधावा लागतो, जेथे आमचा फुगा पोहोचत नाही, उपग्रह पोहोचतो. सूर्याचे तेजही उपग्रह १९७८ पासून मोजत आहेत: अकरा वर्षांच्या चक्रात ते हजारात सुमारे एक भाग वरखाली होते, पण पृथ्वी तापत गेली त्या काळात त्यात दीर्घकालीन वाढ झालेली नाही.