बी ९ वरचं स्नेहसंमेलन

परदेशातल्या मराठी मंडळाचे सण तिथीला होत नाहीत, हॉल मिळेल तेव्हा होतात. आमचं संक्रांतीचं हळदीकुंकू फेब्रुवारीत झालेलं आहे, आणि दिवाळी पहाट एकदा दिवाळी उलटून पंधरा दिवसांनी, तीही सकाळी अकराला. वर्षभराच्या यादीत ठरल्या दिवशी न चुकता होणारा कार्यक्रम एकच होता, आणि गंमत म्हणजे तो मुळात आमचा नव्हताच. जूनचा शेवटचा रविवार, ऱ्हाईनचं खोरं आणि 'टाल टोटाल'.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जर्मनीत बिंगेन आणि रुडेसहाईमपासून खाली कोब्लेन्त्सपर्यंत ऱ्हाईन डोंगर कापत जाते. नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे आणि दोन्ही काठांनी हमरस्ता, डाव्या काठाला बी ९ आणि उजव्या काठाला बी ४२. १९९२ मध्ये इथल्या लोकांनी ठरवलं की वर्षातून एक रविवार हे दोन्ही रस्ते मोटारींना बंद ठेवायचे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. दोन्ही काठ मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, आणि तो फक्त सायकली, स्केट्स आणि पायी चालणाऱ्यांचा.

आमच्या मंडळात हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा कार्यकारिणीत फारसा उत्साह नव्हता. सायकल कुणाकडे आहे, लहान मुलांचं काय, जेवणाचं काय, सगळे प्रश्न झाले. शेवटी खजिनदार म्हणाले, "हॉलचं भाडं नाही." ठराव एकमताने मंजूर.

सकाळी बिंगेनच्या स्टेशनवर जमायचं. त्या दिवशीच्या गाड्यांची गर्दी ज्याने पाहिली त्यालाच कळेल. सायकलींच्या डब्यात हँडलमध्ये हँडल अडकलेलं, कुणाचं पेडल कुणाच्या तारांत, आणि उतरताना आपली सायकल सर्वांत आत. पण स्टेशनातून बाहेर पडून रस्त्याला लागलं की पहिली पाच मिनिटं कुणीच बोलत नसे. एरवी जिथे ट्रक सुसाट जातात त्या रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या तुटक रेघेवरून चाक नेत जायचं. मुलं तर मुद्दाम रेघेवरूनच जायची, रेघ आली, गेली, आली, गेली, आणि तोंडाने मोजणं चालू. गावाच्या तोंडाशी रस्ता अडवून स्वयंसेवी अग्निशमन दलाची पोरं बसलेली असत. दोघांनी मिळून चालवायच्या टँडम, आडवं पडून चालवायच्या सायकली, मागे बाळाची गाडी जोडलेल्या सायकली, सगळी वरात संथ चाललेली.

आता मला या दिवसाचं एवढं प्रेम का, ते सांगते. मंडळाच्या कार्यक्रमात आपण भेटतो म्हणजे काय करतो? खुर्च्या मांडलेल्या असतात, सगळ्यांची तोंडं स्टेजकडे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचं भाषण, मुलांचा नाच. बोलणं होतं ते जेवणाच्या रांगेत, आणि तेही "काय, बऱ्याच दिवसांनी?" एवढंच. रांग पुढे सरकते आणि विषय संपतो. मोकळ्या हमरस्त्यावर चौघं शेजारी शेजारी सायकल चालवू शकतात. कुणाशी बोलायचं हे तिथे कुणी ठरवत नाही, वेग ठरवतो. ज्याचा वेग तुमच्याएवढा, तो पुढचा तासभर तुमच्या बाजूला. आमच्या मंडळात एक ताई वर्षानुवर्षं सूत्रसंचालन करायच्या. माझ्या लेखी त्या म्हणजे काठापदराची साडी आणि हातात कार्डं. ट्रेख्टिंग्सहाउझेन ते बाखराख आम्ही एका वेगाने गेलो, आणि ताई शाळेत असताना जिल्ह्याच्या खो-खो संघात होत्या हे मला तेव्हा कळलं. चढावर दम न लागता त्या हे सांगत होत्या, त्यामुळे पुराव्याचीही गरज नव्हती.

अण्णांशी ओळख अशीच झाली. एका सभासदाचे वडील, सांगलीकडचे, उन्हाळ्यात मुलाकडे आलेले. सत्तरी ओलांडलेली. सायकल भाड्याने घेतली तेव्हा मुलगा म्हणत होता, "अण्णा, जमेल ना?" अण्णा म्हणाले, "अरे, नळीखालून पाय घालून कैची मारत शिकलोय मी. तुझ्या आधी तीस वर्षं." आणि निघाले. घंटी मात्र सारखी वाजवायचे, समोर कुणी असो वा नसो.

बिंगेन सोडलं की नदीतला उंदीरमनोरा मागे पडतो आणि डोंगरावर किल्ल्यांची रांगच सुरू होते. ऱ्हाईनस्टाईन, रायखेनस्टाईन, झूनेक. अण्णा प्रत्येक किल्ल्यापाशी थांबून विचारायचे, हा कुणी बांधला आणि कशासाठी. कुणीतरी सांगितलं की यांतले कितीतरी किल्ले नदीवरून जाणाऱ्या जहाजांकडून कर वसूल करायला होते. अण्णा हसायलाच लागले. "म्हणजे जकात नाकी की ही!" त्यानंतर दिवसभर आमच्यातलं कुणीच 'किल्ला' म्हणालं नाही. "पुढचं नाकं कधी?" हेच चाललेलं.

बाखराखच्या पुढे, समोरच्या काठाला काउब गाव दिसतं, आणि गावासमोर नदीच्या मध्यातच एका खडकावर फाल्झग्राफेनस्टाईन किल्ला उभा आहे. पांढऱ्या भिंती, वर कोनाकोनाचं छप्पर, टोकदार कोपरा प्रवाहाच्या तोंडाला दिलेला. नदी बोथट भिंतीवर आपटण्याऐवजी त्या टोकाशी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. हिवाळ्यात वाहत येणाऱ्या बर्फालाही त्या टोकाची धार पुरते. काउबच्या बाजूने साखळी ओढून जहाजं अडवत, आणि पैसे न देणाऱ्या व्यापाऱ्याला आतल्या विहिरीत तरंगत्या लाकडी फळीवर डांबत. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याने ताबा घेतल्यावर १८६७ मध्ये ही वसुली बंद झाली. अण्णा कठड्याला सायकल टेकवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडच्या नाक्यावर निदान चहा तरी मिळायचा."

जेवण त्याआधीच, बाखराखला नदीकाठच्या हिरवळीवर. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कुणाच्या डब्यात तिखटामिठाच्या पुऱ्या. मुलं मात्र गावातल्या क्लबांच्या स्टॉलवर सॉसेजच्या रांगेत. जेवण झालं की मंडळातले सर्वांत जुने काका १९७३ ची गोष्ट सांगत. ते त्याच वर्षी इथे शिकायला आले होते. तेलसंकटामुळे पश्चिम जर्मनीत २५ नोव्हेंबरपासून लागोपाठ चार रविवार खासगी मोटारींना बंदी झाली, आणि हे ऑटोबानवरून, म्हणजे तिथल्या द्रुतगती मार्गावरून, चक्क पायी चालत गेले. "थंडी अशी, की नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं लागत होतं." दरवर्षी गोष्ट तीच, वाक्यंही तीच, आणि कुठल्या वाक्याला काका हात वर करणार हे पोरांना पाठ. तरी एखाद्या वर्षी ती राहिली की पोरंच म्हणायची, "काका, ऑटोबान?"

पुढे ओबरवेझेल, आणि मग सांक्ट गोआरला नदी ओलांडायची. बिंगेनपासून कोब्लेन्त्सपर्यंत ऱ्हाईनवर एकही पूल नाही. जे काही करायचं ते फेरीने. ही फेरी बघण्यासारखी असते. सरळ समोर जात नाही. धक्का सोडला की नाक प्रवाहाच्या वर, तिरकं धरते, आणि पाणी तिला खाली ढकलत असताना ती आडवी सरकत बरोबर पलीकडच्या धक्क्याला लागते. डेकवर पाय ठेवायला जागा नाही, सायकली एकमेकींना टेकवलेल्या, आणि एकीचा तोल गेला की दहा खाली. आमच्यातले दमाचे गडी इथे वेगळे होऊन तसेच कोब्लेन्त्सपर्यंत जायचे आणि रात्री रेल्वेने परतायचे. आम्ही बाकीचे उजव्या काठाने माघारी.

पलीकडे गेलं की लोरेलायचा कडा. नदीपासून १३२ मीटर उंच, आणि खाली नदी आवळून वळण घेते. जहाजांसाठी इथे काठावर दिव्यांच्या खुणा आहेत, वळणापलीकडून कुणी येतंय का ते कळावं म्हणून. कड्याखाली आलं की प्रत्येक पोराने आरोळी ठोकायची हा रिवाज. प्रतिध्वनी येतो असं म्हणतात. मला तो नीट कधी ऐकू आला नाही, कारण तेवढ्यात हमखास मालगाडी जाते. या खोऱ्यात शांतता शोधायला येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मोटारी बंद व्हायच्या, मालगाड्या नाही.

परतीला आपण प्रवाहाच्या उलट जात असतो, आणि मालाने भरलेली बार्जही. तिचा वेग साधारण आपल्याएवढाच किंवा किंचित कमी. मग मुलांची शर्यत लागायची. शंभरेक मीटर लांब ती बोट घुरघुरत चाललेली, मागच्या केबिनच्या खिडकीत फुलांच्या कुंड्या, दोरीवर कपडे वाळत घातलेले, आणि त्याच्या शेजारी डेकवर मालकाची लाल मोटार उभी. अख्ख्या खोऱ्यात त्या दिवशी आम्हाला दिसलेली एकुलती एक मोटार, आणि तीसुद्धा पाण्यावर! मुलांनी हात हलवला की सुकाणूवरचा माणूस भोंगा वाजवायचा. लोर्खपर्यंत बार्ज पुढे की आपण, यावर पुढच्या कार्यक्रमातही वाद झालेले आहेत.

सहा वाजले की अडथळे हटत. पहिली मोटार मागून आली की आम्ही सगळे आपसूक उजवीकडे सरकून एका ओळीत येत असू, आणि चौघांत रंगलेली गोष्ट जिथे असेल तिथे तुटायची. पुढचं वाक्य रुडेसहाईमच्या फेरीवर.

२०२० मध्ये करोनामुळे हे सगळं रद्द झालं. आम्ही काहीजण त्याच रविवारी हट्टाने गेलो. रस्त्याच्या कडेने सायकलमार्ग आहेच, युरोपभरच्या जाळ्यातला १५ क्रमांकाचा, आणि चांगला आहे. किल्ले तेच, नदी तीच, उन्हं तीच. पण वाट अरुंद, समोरूनही सायकली येणार, म्हणून एकामागोमाग एक. पुढच्याच्या पाठीकडे बघत किती बोलणार? दुपारी बाखराखला बसलो तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून कुणी कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

नव्या कार्यकारिणीतली मुलं आता म्हणतात, इतरही खोरी बघू. तिथेही असे रविवार असतात, सार नदीकाठी मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी 'सार-पेडाल', झीगच्या खोऱ्यात जुलैच्या पहिल्या रविवारी 'झीगटाल पुअर'. जरूर बघावीत. 

ऱ्हाईनला जाणार असाल तर माझं एक ऐका. आमचं मंडळ सवयीने आधी डाव्या काठाने जायचं, कारण गाडी बिंगेनला उतरवायची. त्यामुळे दुपारचं ऊन थेट अंगावर घेणारा उजवा काठ बरोबर दुपारीच वाट्याला यायचा, आणि द्राक्षमळ्यांच्या पाटीदगडाच्या भिंती तापलेल्या असायच्या. सकाळीच फेरीने रुडेसहाईमला जा, आधी उजवा काठ उरकून घ्या. सभेत मी हे बऱ्याचदा मांडलं आहे.