इन कॅमेरा

परवा दुपारी जेवण झाल्यावर टीव्हीवर खाली पट्टी सरकत होती, अमुक खटल्याची सुनावणी इन कॅमेरा होणार. काकू म्हणाल्या, बरं झालं, शूटिंग असलं की माणसं खोटं बोलायला जरा कचरतात. आता त्यांना काय सांगणार, इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआड, बघे नाहीत, पत्रकार नाहीत आणि शूटिंग तर नाहीच नाही. मी गप्प बसलो, पण दुपारची झोप गेली ती गेलीच.

ग्रीकांचं कामारा म्हणजे कमानदार छत. रोमनांनी त्याचं कामेरा केलं आणि हळूहळू छताखालची अख्खी खोलीच कामेरा झाली. इटलीत आजही हॉटेलात कामेरा मागितला की खोलीची किल्ली हातात येते. फ्रेंचांची शांब्र, जर्मनांची कामर, इंग्रजांचं चेंबर, सगळी सख्खी भावंडं, आणि हिंदीवाल्यांचा कमरा पोर्तुगीजांकडून आलेला. पण मला सगळ्यात आवडली ती सायकलची ट्यूब, इटालियनमधे तिला चक्क हवेची खोली म्हणतात, कामेरा दारिया. पंक्चरवाल्याकडे जाऊन सांगायचं, भाऊ खोली फुटलीय.

फोटोच्या यंत्राला हे नाव मिळालं ते अंधाऱ्या खोलीमुळे. भिंतीला बारीक भोक असलं की समोरच्या भिंतीवर बाहेरचं झाड उलटं दिसतं, खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली ह्याला लॅटिनमधे कामेरा ऑब्स्क्युरा म्हटलं, म्हणजे अंधारी खोली. पुढे खोलीची पेटी झाली, पेटी खिशात गेली, अंधारी हा शब्द वाटेत गळला.

अंधारी खोली म्हणजे माझ्यासाठी मामाचा स्टुडिओ. लाल बल्ब, फोटो धुवायच्या रसायनाचा, हायपोचा, आंबूस वास, ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आधी नवरीचे केस उमटायचे, मग डोळे, मुंडावळ्या सगळ्यात शेवटी. आणि मधेच बाहेरून कोणी कडी वाजवली की मामा आतून ओरडायचा, दार उघडलंत तर तंगडं मोडीन! लग्नाचे फोटो अर्धेअधिक ह्या धमकीवरच धुतले गेले असणार.

कॉम्रेडसुद्धा ह्याच खानदानातला हो. स्पॅनिश कामारादा, एका खोलीत राहणारे. गिरणगावात एकेका खोलीत कितीतरी जण पाळीपाळीने झोपायचे, हा रात्रपाळीवरून आला की त्याने उठून वळकटी द्यायची, आणि मोर्चात हेच एकमेकांना कॉम्रेड म्हणायचे. मूळ अर्थाला इतकी जागलेली माणसं स्पेनमधे तरी असतील का कोण जाणे. ८२ च्या संपात बरेच जण गावाकडे गेले ते तिकडचेच झाले.

त्या खोल्यांचे आजचे भाव मात्र विचारू नका.