तुम्ही विचारलंत म्हणून : एवढा मोठा वाडा कशाला घेतला?

वाड्याच्या दारातली छोटी दिंडी उघडी दिसली की माणसं आत डोकावतात. आधी वर तुळयांकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग विचारतात. गिऱ्हाइकं विचारतात, सिलिंडर घेऊन येणारा पोरगा विचारतो, मुलाच्या सासरचे जरा आडून विचारतात. सगळ्यात नेटकं विचारलं ते खेड्यावरून आलेल्या आमच्या चुलत सासूबाईंनी. चौकात उभ्या राहून त्यांनी पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "इतलं मोठं घर लिसनी काय करशी वं माय?" शिकलेले लोक हेच जरा लांबवून म्हणतात. एवढ्या पैशांत देवपूरला नवा बंगला झाला असता, तुम्ही धुळ्याच्या जुन्या पेठेतला पडका वाडा का घेतलात?

आजवर मी विचारणारा बघून उत्तर दिलं. आता एकदाच खरं सांगते. मला ऊन हवं होतं. वाडा त्याच्यासोबत आला.

माझा धंदा उन्हाळी कामाचा. उडदाचे आणि नागलीचे पापड, कुरडया, शेवया आणि मुख्य म्हणजे बिबडे. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत वर्षाचं पोट भरायचं. हाताखाली हंगामात चौदा बाया असतात. आधी आम्ही फ्लॅटमध्ये होतो आणि वाळवण सोसायटीच्या गच्चीवर. तिथे पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या, कबुतरं, आणि दर मार्चमध्ये खाली फळ्यावर नोटीस: गच्चीचा व्यावसायिक वापर करू नये. नोटीस लिहिणारे गृहस्थ पाच किलो बिबडे घरपोच मागवायचे, ती गोष्ट वेगळी.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, पण पापडासारखे लाटायचे नाहीत. ज्वारी भिजवायची, आंबू द्यायची, दळायची. मग पातेल्यात तीळ, लसूण, मिरची घालून घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच, हात पाण्यात बुडवून, खाटेवर पसरलेल्या ओल्या धोतरावर थापत जायचं. तळहाताला चटके बसतातच. वाळले की धोतर उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायचा आणि एकेक बिबडा अलगद सोडवायचा, की परत उन्हात. या सगळ्यात पहिल्या दिवसाचं ऊन महत्त्वाचं. ते कमी पडलं तर बिबडा आंबूस वास मारतो, आणि तसा एक जरी पिशवीत गेला तरी गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येत नाही.

2019 च्या मार्चमध्ये मी पेठेत उडीद डाळीचा भाव काढायला गेले होते. दुकानदार म्हणाला, माल मागच्या वाड्यात आहे, बघून घ्या. दिंडीतून वाकून आत गेले, देवडी ओलांडली, आणि पुढे चौक. चोवीस फूट बाय अठरा, सगळा काळ्या फरशीचा, चारी बाजूंनी ओसरी, आणि वर नुसतं आभाळ. दहा वाजले होते. मी चपला काढून फरशीवर पाय ठेवला तर चटका बसला. डाळीचा भाव विचारायचा राहूनच गेला.

वाडा रुंदीला 34 फूट आणि खोलीला 110. पुढचं दार एका गल्लीत, मागचं दुसऱ्या. दोन मजले, सागाचे खांब दगडी तळखड्यांवर उभे, माजघराच्या भिंतीत धान्य साठवायचं बळद, त्यात आता उंदीर. पुढच्या भागावर आपलं खानदेशी धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, मागे पत्रे. किती जुना, हे कागदावर कुठेच नाही. वाड्याचे मालक म्हणायचे दीडशे वर्षं, डाळवाला म्हणायचा दोनशे. जोतं मात्र कमरेएवढं उंच. 1872 साली पांझरा नदीला मोठा पूर येऊन गावातल्या घरांची नासाडी झाली, त्यानंतरचं हे शहाणपण असावं, असा आमच्या ह्यांचा तर्क.

वाडा घ्यायचा ठरल्यावर मी गावाचा इतिहास जरा वाचला, नाहीतर शाळेत तो पाठ करून विसरले होते. 1819 साली धुळ्यात 401 घरं आणि 2,509 माणसं होती. इंग्रजांचं राज्य नुकतंच आलं होतं. कॅप्टन ब्रिग्जनं खानदेशचं ठाणं इथे आणलं, सरळ रेषेत पेठ आखली आणि लांबलांबहून सुतार-गवंडी आणले. वस्ती वाढावी म्हणून लोकांना बांधकामाला जागा दिल्या त्या कायमच्या बिनभाड्यानं, आणि वर पक्की घरं बांधायला उचल दिली. गावच्याला दिली तशी परक्यालाही. दोनशे वर्षांनी मी त्याच पेठेत घर घ्यायला निघाले तेव्हा बँकेनं काय केलं ते ऐका. त्यांचा मूल्यांकन करणारा माणूस आला, लेझरच्या यंत्रानं मापं घेतली, चहा घेतला आणि अहवालात लिहून गेला: जमीन अमुक, इमारत शून्य. सव्वीस सागाचे खांब, शून्य! त्याच आठवड्यात जुनं लाकूड घेणारा एक व्यापारी आला. त्यानं नुसत्या पुढच्या दाराचे आणि चार खांबांचे जे पैसे सांगितले ते ऐकून मी खाली बसले. वर म्हणाला, "ताई, दाराच्या जागी शटर बसवून देतो, फुकट." शेवटी आम्ही फ्लॅट विकला, थोडं सोनं मोडलं, आणि बँकेनं शून्य धरूनही जमिनीवर जेवढं दिलं तेवढं घेतलं.

पण पैसा हा सोपा भाग होता. जुना वाडा घ्यायचा म्हणजे सह्या गोळा करायच्या. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून विकणाऱ्यांच्या आजोबांचंच नाव होतं, ते जाऊन चाळीस वर्षं झालेली. वारस मोजले तर एकोणीस. कोणी सुरतेला, कोणी इंदूरला, एक उल्हासनगरला, आणि एक भाऊ वाड्यातच माडीवर, तो कोणाशी बोलत नसे. थोरल्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाकीच्यांच्या भानगडीत पडू नका, माझा हिस्सा स्वस्तात घ्या." मी भुललेच होते. वकिलांनी थांबवलं. राहत्या घरातला एकाचा अविभक्त हिस्सा बाहेरच्यानं घेतला तर तो मालक होतो, पण घरच्यांसोबत आत राहायचा ताबा त्याला मागता येत नाही. त्यानं वाटणीचा दावा लावला तर घरचेच त्याचा हिस्सा किंमत देऊन परत मागू शकतात. म्हणजे पैसे माझे, आणि मी दिंडीबाहेर.

मग बहिणींचा प्रश्न. भाऊ म्हणायचे, त्यांची लग्नं कधीच झाली, त्यांचं काय इथे? महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारा 1994 चा कायदा आला तो त्या वर्षाच्या 22 जूनच्या आधी लग्न झालेल्या मुलींना सोडून. मग हिंदू वारसा कायद्यात 2005 ची केंद्राची दुरुस्ती आली, आणि त्यावरही वाद होते की वडील तेव्हा हयात हवेत का नकोत. आमचं हे घोंगडं भिजत असतानाच ऑगस्ट 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की मुलीचा हक्क जन्मानं आहे, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. वकील म्हणाले, आता एकही बहीण सुटता कामा नये. मला मनातून बरं वाटलं, जरी एकोणीसांतल्या सहा सह्या त्यामुळेच घ्याव्या लागल्या.

त्या घरातल्या सुरतेच्या आत्याबाई एक्याऐंशीच्या. त्यांनी फोनवर तीनदा नाही म्हटलं. पैशाचं म्हणावं तर तो आकडा त्यांनी विचारलाही नाही. चौथ्यांदा मीच गेले. तेव्हा कळलं, त्यांना पाटा हवा होता. स्वयंपाकघरातला, आईच्या हातचा, मधे खोलगट झालेला. भावांनी कधी दिला नाही, त्यांनी कधी मागितला नाही. सहीच्या दिवशी त्या धुळ्याला आल्या, निबंधक कार्यालयात अंगठा आणि फोटो झाला, आणि संध्याकाळी दोन नातवांनी तो पाटा गोणपाटात गुंडाळून एसटीत चढवला. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं. आत्याबाईंनी वरवंटा मात्र स्वतःच्या मांडीवर घेतला.

खरेदीखत झालं 2021 मध्ये, माझ्या नावावर. त्या एप्रिलपासून बाईच्या नावानं राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली होती. तेव्हा अट अशी होती की पंधरा वर्षं ते पुरुषाला विकायचं नाही. ती नंतर काढली म्हणतात. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. तेवढं वाचून म्हणाले, "म्हणजे मी आता भाडेकरू."

दुरुस्तीबद्दल फार लिहीत नाही, लिहिलं तर पावसाळा सुरू होईल. एकच हिशेब सांगते, वाडा घेणाऱ्यानं ध्यानात ठेवावा असा. पुढच्या भागाचं धाबं तीस फूट बाय वीस, आणि वर्षानुवर्षं गळतं म्हणून माती टाकत गेल्यानं थर फूटभर झालेला. म्हणजे सहाशे घनफूट, सहा ब्रास माती. कोरडी असताना पंचवीस टनांच्या वर, भिजली की आणखी. एवढं ओझं त्या बिचाऱ्या खांबांनी किती पावसाळे पेललं असेल! ती उतरवायला रात्री मागच्या गल्लीत ट्रॅक्टर लावले, कारण दिवसा तिथे मोटरसायकलही अडकते. मातीखाली पाल्याचा थर निघाला, काळा, पण हातात घेतला तर पानांच्या शिरा दिसत होत्या. त्याखाली बारीक लाकडांच्या किलच्या, आणि किलच्यांना उधई, म्हणजे वाळवी. तुळया मात्र ठणठणीत. दोनच बदलल्या.

भिंतींना मी आधी सिमेंट लावून बसले. स्वस्त पडतं म्हणून. एका पावसाळ्यात पोपडे फुगले आणि पांढरा क्षार बाहेर आला. मग शिरपूरकडचा एक म्हातारा मिस्तरी मिळाला. त्यानं बोटानं पोपडा सोलला आणि म्हणाला, "सिमिट लावं का भित रडस, ताई." आतली ओल बाहेर पडायला वाट हवी, चुन्यात ती मिळते, सिमेंटात कोंडते. सगळं खरवडून परत चुन्याचा गिलावा केला. दोनदा पैसे गेले, आणि दुसऱ्यांदा जास्त.

इतकं करून 2023 चा हंगाम असा गेला की विचारू नका. चौकात आठ खाटा, धाबं काढून केलेल्या गच्चीवर कुरडया, ओसरीत चौदा बाया सावलीत बसून लाटताहेत, आणि बाहेर पारा चव्वेचाळीसवर असताना माजघरात पंखासुद्धा नको. मी घेतलं होतं ते सगळं मला मिळालं.

पुढच्या वर्षी पश्चिमेकडचं घर पडलं आणि तिथे चार मजले उभे राहिले. जुन्या पेठेत भिंतीला भिंत लागूनच असते, त्यामुळे बाजूला मोकळं अंतर वगैरे फार नाही. शेजाऱ्यानं रीतसर परवानगी घेतली होती, पेढेही आणून दिले. आता दुपारी दोनच्या पुढे त्याची सावली चौकात उतरते आणि साडेतीनला शेवटची खाट झाकते.

मी परत वकिलांकडे. त्यांनी 1882 चा सुखाधिकाराचा कायदा काढला. खिडकीला वीस वर्षं बिनतक्रार उजेड-वारा मिळत आला असेल तर तो हक्क बनतो, शेजाऱ्याला तो अडवता येत नाही. मला हुरूप आला. म्हटलं, चौकात तर दीडशे वर्षं ऊन पडतंय. ते म्हणाले, "तो हक्क इमारतीला मिळतो, ताई. मोकळ्या जागेवरच्या उजेडाचा आणि वाऱ्याचा असा हक्क मिळत नाही, हे त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय." घरी येऊन मी खरेदीखत काढून बसले. चतुःसीमा चार ओळींत व्यवस्थित होती. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस, उत्तरेस रस्ता. एकोणीस जणांच्या सह्या. वरच्या बाजूला काय आहे याबद्दल एक अक्षर नव्हतं.

रडून काय होणार? बायांनी गेरूनं फरशीवर रेघा मारल्या, होळीला सावली अडीचला कुठे, गुढीपाडव्याला कुठे. त्यावरून खाटा सरकतात. आता घाटा पहाटे साडेचारला चुलीवर चढतो, बिबडे आठच्या आत थापून होतात, म्हणजे पहिल्या दिवसाचे सहा तास पदरात पडतात. कुरडयांना गच्ची. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात धुळ्यात एक दिवस असा येतो की साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली गडप होते. त्या दिवशी मी बायांना खाटा कुठेही टाकू देते.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चुलत सासूबाई परत आल्या. पुरणपोळी, आमरस झाला, लेकीबाळी ओसरीतल्या झोक्यावर, आणि ह्यांनी चौकात एक रिकामी खाट टाकून त्यांना बसवलं. ऊन अंगावर होतं. मी म्हटलं, आत या. त्या उठल्या नाहीत, डोक्यावर पदर ओढून बसून राहिल्या. दोन वाजून गेले, शेजाऱ्याच्या मजल्यांची सावली फरशीवरून सरकत सरकत त्यांच्या खाटेपर्यंत आली. त्यांनी पाय वर घेतले, पदर खाली सोडला आणि आडव्या झाल्या.

"आते बरं वाटस वं माय."